बाबांचं वाक्य, आईचं क्रियापद

माझ्या बाबांनी घरात एखादं वाक्य स्वतः सुरू करून स्वतःच संपवलंय, असं माझ्या पहिल्या नोकरीपर्यंत मला आठवत नाही. सुरुवात ते उत्तम करायचे. कोण, कुठे, कधी, कशासाठी, सगळं जागच्या जागी मांडायचे. मग चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसायचे आणि क्रियापदाकडे निघायचे. तोवर आई तिथे पोचून, पदर खोचून, पुढच्या कामाला लागलेली असायची.

"मी जरा खाली जाऊन…"

"दूध घेऊन या. अर्धा लिटरच. आणि तो पिशवी देत नाही, घरातली न्या."

बाबांना कदाचित पाय मोकळे करायचे असत. पण ते दूध घेऊन यायचे. भांडण नाही, तक्रार नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं ही आमच्या भाषेची रचना आहे, आणि त्या रचनेचा एवढा कडक फायदा उठवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. परळची खोली सोडून तिथे आलो तेव्हा मी शाळेत होते. तेव्हा बिल्डिंगच्या तीन बाजूंना चिखल आणि चौथ्या बाजूला बिल्डरचं ऑफिस होतं, तेही पुढे गेलं. पाणी टँकरने यायचं. आई टँकरवाल्याशी अशा आवाजात बोलायची की मागच्या बिल्डिंगला पाणी आल्याची वर्दी आमच्याकडूनच मिळायची. दहा-बारा वर्षांत तिने त्या चिखलात असा जम बसवला की पाणी कमिटी, हळदीकुंकू, गणपतीची वर्गणी, कोणाचं बाळंतपण, कोणाची मोडलेली सोयरीक, काहीच तिच्याशिवाय हलेना.

बाबा फोर्टातल्या एका कंपनीत आवक-जावक बघायचे. दोन हजार सालाच्या आसपास कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. तिच्यात इच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती बाबांची. ते घरी बसले, आणि घरात दिवसाला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त अर्धी वाक्यं तयार होऊ लागली.

त्यातलं एक मला पाठ झालं होतं, कारण ते दर दोन-तीन महिन्यांनी यायचं. जेवण झालेलं असायचं, बाबा बडीशेप चघळत खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "मला वाटतं, हा फ्लॅट आपण आता…"

"रंगवून घेऊ," आई म्हणाली पहिल्यांदा. पुढच्या सोमवारी रंगारी हजर.

रंग वाळून वास गेला तसं बाबा पुन्हा म्हणाले, "मी काय म्हणतो, हा फ्लॅट…"

"सरकत्या खिडक्या लावू. बरोबर आहे तुमचं, धूळ फार येते."

खिडक्या लागल्या. मग ओट्याला काळा ग्रॅनाइट आला. मग बाथरूमला गुलाबी फरशा आल्या, त्याही थेट छतापर्यंत, त्यामुळे आंघोळ करताना आपण कोणाच्या तरी घशात उभे आहोत असं वाटायचं. मग पोटमाळा झाला. बाबा एक वाक्य सुरू करायचे आणि गवंडी यायचा. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, तुमच्या मिस्टरांना घराची किती हौस! बाबा सिमेंटच्या पोत्यावर बसून पेपर वाचत मान हलवायचे.

मी तेव्हा भाषाशास्त्रात एम.ए. केलं होतं. का केलं, तर दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. "म्हणजे नक्की काय शिकते?" असं एव्हरशाईन सिटीतल्या मावशीने विचारलं, तेव्हा आईने माझ्या आधी उत्तर दिलं, "सगळ्या भाषा येतात तिला." मला मराठी, थोडं इंग्रजी आणि बसमधल्या भांडणापुरती हिंदी यायची. पण नोकरी लागली. आमच्याच विभागातल्या एका बाईंना संशोधनासाठी मदतनीस हवी होती. त्यांना सगळे मॅडम म्हणत. सुती साडी, पायांत धावायचे बूट, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायच्या की आपण बोलतोय त्यापेक्षा कसं बोलतोय याच्यात त्यांना जास्त रस आहे हे कळावं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मराठीत क्रियापद शेवटी येतं. मग तोवर ऐकणारा काय करतो? हाताची घडी घालून बसतो?"

"बसत असेल," मी म्हणाले.

"कोणी बसत नाही. 'आजीने' म्हटलं की त्या 'ने'वरून कळतं, आजीने काहीतरी करून टाकलेलं आहे. 'नातवाला' म्हटलं की कळतं, ते नातवाच्या वाट्याला आलंय. 'गोष्ट' हा शब्द येईपर्यंत मेंदू 'सांगितली' हातात धरून दारात उभा असतो. खरोखर 'सांगितली' आलं की नुसतं आत घ्यायचं. आणि समजा 'आजीने नातवाला गोष्ट शिजवली' असं आलं, तर?"

"तर काय?"

"तर धावपळ. हातातलं ठेवायचं, आलेलं तपासायचं, पुन्हा मागे जायचं, आजी बघायची, नातू बघायचा. ती धावपळ मला मोजायची आहे."

मला वाटलं, या बाईंना आमच्या घरी आठ दिवस ठेवलं पाहिजे. पण पहिल्या दिवशी असं बोलत नाहीत.

मोजायची रीत सोपी होती. लॅपटॉपच्या पडद्यावर वाक्याच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. एक बटण दाबलं की पहिला शब्द दिसायचा. पुन्हा दाबलं की तो जायचा आणि दुसरा यायचा. माणूस आपल्या वेगाने वाचत जायचा आणि तो कुठल्या शब्दावर किती रेंगाळला याची नोंद मशीन सेकंदाचे बारीक तुकडे करून ठेवायचं. बरीचशी वाक्यं सरळ होती. मधूनच एखाद्याचं क्रियापद मुद्दाम भलतंच ठेवलेलं. वाक्य संपलं की एक साधा प्रश्न यायचा, वाचलं की नाही ते बघायला. पहिला आठवडा देवनागरी अक्षरांनी खाल्ला. "क्ष" आणि "ज्ञ"च्या जागी चौकोन यायचे, आणि चौकोनावर तर माणूस रेंगाळणारच.

मॅडमना विद्यार्थी नको होते. रोज मराठी वाचणारी, संसारी, वय झालेली माणसं हवी होती. मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगमध्ये तीच भरलीत. मग तो विटेएवढा जड लॅपटॉप मी विरारला आणला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत दुपारी प्रयोगशाळा उघडली. वीज जायची, तेव्हा विज्ञान थांबायचं आणि आई सरबत करायची.

पहिली आली ती तळमजल्यावरची काकू. ती जुन्या विरारची. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं, आणि जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरची दोन घरं मिळाली होती. आईची तिच्याशी घट्ट मैत्री होती. दोघी मिळून टँकरवाल्याला रडवायच्या. काकू चष्मा लावून बसली, दोन-चार सरळ वाक्यं नीट वाचली आणि मग पडद्यावर आलं: आईने… कढईत… भजी… वाचली.

काकूने बटण सोडलं आणि दोन्ही हात तोंडावर धरले. "भजी वाचली! आनि मग पेपर तळला काय गं?" एवढं बोलून ती जी हसायला लागली ती थांबेचना. पुढची सरळ वाक्यंसुद्धा तिला संशयास्पद वाटू लागली. "वडिलांनी मुलाला सायकल घेतली" एवढ्या साध्या वाक्यावर ती पुन्हा फुटली. "हे खरं आहे, काकू," मी म्हटलं. "आसंल, पन मी आता कोनावर विश्वास ठेवत नाय," ती म्हणाली. तिच्या सगळ्या नोंदीत हसण्याचा वेळ मिसळला, तो वेगळा काढायची सोय मशीनमध्ये नव्हती.

मग बाबा बसले. त्यांनी बाही दुमडली, जणू रक्त तपासायचंय. एकेका शब्दावर थांबत, त्याला मान देत ते पुढे जात होते. भज्यांपाशी आले, "वाचली" बघितलं आणि थांबले. इतके थांबले की पडदा आपोआप काळा झाला.

"बाबा, बटण."

"हो. नाही, मी विचार करत होतो… शक्य आहे. भजी कागदावर ठेवली असतील निथळायला. तर त्या कागदावरचं…"

"वाचलं असेल," आई आतून म्हणाली.

त्यांना कुठलंही क्रियापद चालायचं. आजीने गोष्ट शिजवली, तर ते म्हणाले की रंगवून रंगवून सांगितली असेल, म्हणून तसं म्हटलंय. शिंप्याने सदरा प्यायला, तर मात्र ते हळहळले. "बिचारा," म्हणाले. इतकी वर्षं आलेलं क्रियापद निमूट स्वीकारण्याची सवय झालेल्या माणसाकडून मॅडमच्या मशीनला दुसरं काय मिळणार होतं?

शेवटी आई. आईने बटण असं दाबलं की जणू घरी आलेल्या सेल्समनला वाटेला लावतेय. टक, टक, टक, टक, पुढचं. ती क्रियापदापाशी थांबत नव्हतीच. भज्यांचं वाक्य आलं आणि गेलं. खाली प्रश्न आला: आईने भज्यांचं काय केलं?

"तळली," आई म्हणाली.

"पडद्यावर काय होतं?"

"तळली."

"अगं, 'वाचली' होतं."

"मग तुझ्याकडून टाइप करताना चूक झाली असेल. मी दुरुस्त करून घेतलं," असं म्हणून ती पुढच्या वाक्याकडे वळली. तिने आजीकडून गोष्ट सांगवली, शिंप्याकडून सदरा शिववला, माळ्याकडून झाडांना पाणी घालून घेतलं. जगातली सगळी भलती क्रियापदं तिने एका बैठकीत सरळ केली आणि कुकर लावायला उठली.

मी ते सगळं मॅडमना नेऊन दिलं. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "तुमच्या बिल्डिंगमध्ये काय आहे नक्की?" त्यांनी विचारलं. "एक बाई प्रत्येक वाक्याला हसते आहे. एका गृहस्थांना काहीच चुकीचं वाटत नाही. आणि ही तिसरी व्यक्ती चुकीच्या क्रियापदावर बरोबर क्रियापदाइतकीच थांबते. म्हणजे थांबतच नाही. हे कसं?"

"ती आमची आई आहे," मी म्हटलं.

"मला भेटायचंय त्यांना."

एका रविवारी सकाळी मॅडम विरारला आल्या. आईने अळूवड्या केल्या होत्या, काकू केळफुलाची भाजी वर पाठवून पाठोपाठ स्वतःही आली होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी घर बघितलं, खिडक्या सरकवून बघितल्या, ग्रॅनाइटवर हात फिरवला आणि गुलाबी बाथरूममधून जरा दबून बाहेर आल्या. मग दिवाणावर बसून त्यांनी आईला समजावून सांगायला सुरुवात केली.

"माझा विषय असा आहे, की वाक्यातलं क्रियापद यायच्या आधी ऐकणाऱ्याचा मेंदू…"

"थकतो," आई म्हणाली.

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं वाक्य बहुधा कोणी पळवलं नव्हतं. मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "नाही, म्हणजे तेही खरं आहे," त्या म्हणाल्या.

अळूवड्या आल्या. गप्पा सुरू झाल्या. बाबांना पाहुण्यांसमोर घराबद्दल बोलावंसं वाटलं असावं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आमचं पण चाललंच असतं काहीतरी. मला वाटतं, हा फ्लॅट आपण आता…"

"बाल्कनीला बॉक्स ग्रिल लावू," आई म्हणाली. "झाडं ठेवता येतील."

मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली. त्या सहज, कामाच्या सवयीने बोलल्या असणार. त्यांच्या मनात आमच्या घरात काही घडवायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक मिनिट हं, वहिनी. भाऊसाहेब, तुम्ही काय म्हणणार होतात?"

बाबांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, आणि मी तर भाषाशास्त्र शिकले होते.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. आम्ही चौघी त्यांच्याकडे बघत होतो. ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. ज्या ठिकाणी कायम दुसरं कोणीतरी येऊन उभं राहतं ती जागा अचानक रिकामी मिळाल्यावर माणूस तिथे एकदम पाऊल टाकत नाही, आधी इकडेतिकडे बघतो, तसं चाललं होतं. त्यांनी आईकडे बघितलं. खरं सांगते, ती काहीतरी सुचवेल या आशेने बघितलं. आईने अळूवडी तोंडात घातली.

"काय ते बोलून टाका ओ," काकू म्हणाली. "वडी थंड व्हतेय."

"विकूया," बाबा म्हणाले.

मग त्यांना वाटलं असावं की एवढं धैर्य केलंच आहे तर अख्खं वाक्य म्हणून घ्यावं. "मला वाटतं, हा फ्लॅट आपण आता विकूया आणि गावी जाऊन राहूया."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती चमकेल, रागावेल, "काय म्हणालात?" म्हणेल. तिने अळूवडीचा घास संपवला, हात पुसला आणि म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?" बाबा.

"विकूया, हे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. निवृत्त झालात, गावाहून भाऊजींचं पत्र आलं, मागच्या खोलीचं छप्पर नवीन घातलं म्हणून, आणि त्याच दिवशी तुम्ही खिडकीतून बाहेर बघत 'हा फ्लॅट' म्हणालात. 'हा फ्लॅट'! इतके दिवस आपलं घर होतं, त्या दिवशी त्याचा फ्लॅट झाला. मला पुढचं ऐकायची गरज होती का?"

"मग तू रंगवायचं का म्हणालीस?"

"विकायचं का म्हणू?"

मॅडम पुढे सरकून बसल्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा अंदाज चुकत नव्हताच. बरोबर क्रियापद आत तयार होतं, आणि तोंडातून दुसरं…" आणि मग त्यांना कळलं की आपण आत्ता जरा थांबलेलं बरं.

बाबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो चढला. फार नाही, रेडिओचं बटण थोडं फिरवावं तेवढाच. "तू मला कधी बोलूच देत नाहीस. एकदा तरी वाट बघायचीस, मी काय म्हणतोय त्याची."

"बघितली होती की," आई म्हणाली. तिचा आवाज मात्र उतरला होता. "एकदा बघितली होती. परळला. तुम्ही ऑफिसातून आलात, मोरीत पाय धुतलेत, आणि म्हणालात, मी विरारला फ्लॅट… आणि थांबलात. मी म्हटलं, बघून आले असतील. गप्प बसले, म्हटलं सांगतील सावकाश. जेवलात. पान लावलंत. आणि मग म्हणालात, घेतला."

बाबा शर्टाच्या टोकाला चष्मा पुसू लागले.

"घेतला! विचारलं नाही, दाखवला नाही. घेतला. माझी आई दोन गल्ल्या सोडून राहायची. मी पोरीला घेऊन त्या चिखलात उतरले तेव्हा चप्पल रुतली ती अजून तिथेच असेल, पार्किंगखाली. तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाचं क्रियापद पुन्हा म्हणून येऊ द्यायचं नाही."

काकू म्हणाली, "चप्पल मिळली व्हती. माज्या सासऱ्याला. त्यांनी मागं उरलेल्या खाचरातल्या बुजगावन्याच्या पायात घातली." तिने हे सांत्वन म्हणून सांगितलं. कोणाला हसावं की रडावं ते कळेना. आईलाच आधी हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, तेव्हा ती चहा टाकायला आत गेली.

मॅडम उठायला लागल्या. बाबांनी त्यांना बसवलं. "जेवूनच जा," ते म्हणाले. अख्खं वाक्य.

त्या दुपारी माझ्या आईवडिलांनी पहिल्यांदा रीतसर भांडण केलं. बाबा बोलायचे, आई ओठ दाबून बसायची. तिच्या मानेची शीर हलताना दिसायची, पण ती थांबायची. मग तिची पाळी. आपण मुंबईत पाहुण्यासारखे राहिलो, आता हातपाय चालतायत तोवर आपल्या अंगणात बसायचंय, असं बाबांचं म्हणणं. त्या अंगणात आपण लग्नानंतर फक्त मे महिन्यात गेलो, तिथे मला कोणी ओळखत नाही आणि इथे मी जिन्यातून खाली उतरले तरी चार दारं उघडतात, असं आईचं. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण लांबलं. काकूने मध्ये एक तोडगा काढला: बाबांनी पावसाळ्यापुरतं गावी जाऊन बघावं, आईने इथेच राहावं, फ्लॅटला कोणी हात लावायचा नाही. "विकायचा नाय आनि रंगवायचा पन नाय," ती म्हणाली.

मॅडम संध्याकाळी गेल्या. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, की या घरात घेतलेल्या तिन्ही नोंदी त्यांना काढून टाकाव्या लागतील. काढल्याही. दुसरीकडची माणसं घेऊन त्यांनी काम पुरं केलं. भलत्या क्रियापदावर मराठी माणूस थबकतो, आणि वाक्यातले आधीचे शब्द जितके नेमके तितका जास्त थबकतो, असं त्यात निघालं. आमच्या घरातलं कोणी त्यात नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यासाठी एवढं मशीन लागतं?"

बाबा मृगाच्या आधी गावाला गेले. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीत फोन फक्त दुकानात. ते आठवड्यातून एकदा बोलायचे. लाइनमध्ये खरखर असायची आणि त्यांचा आवाज जरा उशिरा पोचायचा, त्यामुळे आईला मध्ये घुसायला फट सापडायची नाही. ती घुसली तर दोघांचे आवाज एकमेकांवर आपटायचे आणि कोणालाच काही कळायचं नाही. मग ती ऐकायला शिकली, म्हणजे रिसीव्हर कानाला लावून दुसऱ्या हाताने टेबलावर बोटं आपटायला शिकली. मी कामावर गेले की रिकाम्या घरात तिची पंचाईत व्हायची. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती निवेदकाची वाक्यं पुरी करायची. "मुख्यमंत्र्यांनी आज…" "उद्घाटन केलं," आई. आणि उद्घाटनच केलेलं असायचं. यात मजा नाही, असं तिने मला कंटाळून सांगितलं.

दसरा झाल्यावर बाबा परत आले. काळे झाले होते, वाळले होते, पिंडरीवर जळू चावल्याचा डाग होता आणि पिशवीत आमसुलं होती. आईने दार उघडलं, त्यांना खालून वरपर्यंत बघितलं आणि पिशवी घेतली. पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाली, "सांगा."

"बरं आहे तिकडे," बाबा म्हणाले. "भाऊ बरा आहे. विहिरीला पाणी आहे. रात्री झोप लागते." ते थांबले. आई थांबली. मी दारात उभी होते, मीही थांबले.

"फक्त तिकडे सगळे मला बोलू देतात," बाबा म्हणाले.

"मग चांगलंच की."

"चांगलं काय? मलाच बोलावं लागतं."

आई उठली आणि त्यांच्यासाठी भात गरम करायला गेली. फ्लॅट विकला नाही. बाबा पुढची काही वर्षं मृग ते दसरा गावी राहिले. तिसऱ्या वर्षी आई आठ दिवसांसाठी म्हणून गेली आणि विहिरीवरच्या बायकांमध्ये रमून दिवाळीच्या तोंडावर परतली. तिच्याबरोबर तिथल्या दोन बायका मुंबई बघायला आल्या होत्या. त्या पंधरा दिवस राहिल्या आणि मला पोटमाळ्यावर झोपावं लागलं.